वर्तणुकीचा रकाना

प्रमोदिनीबाईंनी ऋतिका भोईरच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दासमोर 'समाधानकारक' असं लिहिलं, शाई वाळावी म्हणून हलकी फुंकर घातली आणि पेनाला टोपण लावलं. टेबलावर आधी लिहून झालेले एकोणीस दाखले होते. त्या सगळ्यांवर त्याच जागी 'चांगली' होतं. सातवीच्या वर्गात पोरं वीस. त्यातल्या एकाने वर्षभर पुढच्याच्या शर्टाला च्युइंगम चिकटवलं होतं, दुसऱ्याने दिवाळीच्या आधी मुतारीत सुतळी बॉम्ब लावला होता. दोघांचीही वर्तणूक चांगली.

'समाधानकारक' हा शब्द तसा दिसायला सोज्वळ. आईबापांनी वाचला तर खूशच होतील. पण ज्यांची हयात शाळांत गेली त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. मुलगी बघून गेलेल्या मंडळींकडून 'पत्रिका बघून कळवतो' असा निरोप आला की घरच्यांना जसा कळतो, तसाच.

बाळकुमची ही महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच. बाई तिच्या मुख्याध्यापिका, आणि सातवीचा वर्गही त्यांच्याचकडे. पुढे ज्याने त्याने आपापली वाट शोधायची. ऋतिकाला शहरातल्या एका जुन्या अनुदानित हायस्कूलमध्ये जायचं होतं, कारण तिथे प्रयोगशाळा होती. जानेवारीत ती एकटीच बसने जाऊन ती प्रयोगशाळा खिडकीच्या गजांतून बघून आलेली आणि नंतर दोन दिवस वर्गाला तेच ऐकवत होती. तिथे आठवीला बाहेरच्यांसाठी मोजून बारा जागा. पालिकेच्या शाळेतून आलेल्या पोरांचे दाखले तिथले मुख्याध्यापक स्वतः बघत आणि वर्तणुकीचा रकाना आधी बघत. दाखल्यावरच्या एका शब्दासाठी प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदा सांगतो. पण 'जागा भरल्या' म्हणायला कायद्याची आडकाठी नाही. हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर तो शब्द लिहिला होता.

आता एवढा राग कशाचा? तर ऋतिकाने एक प्रश्न विचारला होता.

झालं असं की, जूनमध्येच कार्यालयाचं परिपत्रक आलं होतं. विद्यार्थ्यांमधील जिज्ञासावृत्तीस चालना मिळावी म्हणून दर शनिवारी शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांनी शिक्षकांना प्रश्न विचारावेत, व त्याचा अहवाल छायाचित्रांसह सादर करावा. बाई परिपत्रक पाळणाऱ्यांतल्या. त्यांनी फळ्यावर वीस प्रश्न लिहिले, मुलांकडून वहीत उतरवून घेतले, हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेकाला एकेक वाटून दिला आणि शनिवारी पाठ करून यायला सांगितलं. उत्तरं बाईंची पाठ होतीच. शनिवारी पोरं क्रमाने उठत, प्रश्न म्हणत, बाई उत्तर देत, आणि मारुती शिपाई मोबाइलवर फोटो काढे. फोटो फार छान येत. एका अहवालावर वरून 'स्तुत्य' असा शेरासुद्धा आला होता.

फेब्रुवारीत विस्तार अधिकारी तपासणीला आले ते नेमके शनिवारी. येऊन मागच्या बाकावर बसले. पानं हिरवी का असतात, विचारून झालं. लोखंड का गंजतं, तेही झालं. साहेब माना डोलावत होते. मग ऋतिकाची पाळी आली. तिच्या वाट्याला आकाशाचा निळा रंग होता. ती उठली, आणि तो प्रश्न सोडून तिने भलतंच काहीतरी विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुझा प्रश्न विचार."

"हाच माझा आहे बाई," ऋतिका म्हणाली.

बाईंनी दुसरीकडचं काहीतरी उत्तर दिलं. पोरीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाई, तसं असतं तर..." आणि पुढे जे बोलली त्यावर बाईंना काहीच सुचेना. मागून साहेब मोठ्याने हसले.

"काय मॅडम, पोरगी सिलॅबसच्या बाहेर गेली वाटतं! बघा बुवा, रिटायर व्हायच्या आधी देऊन टाका उत्तर."

मारुतीही हसला. मग पोरंही हसली.

या गोष्टीला तीन महिने होत आले होते. साहेबांचं वाक्य बाईंना शब्दन् शब्द पाठ होतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला होता, हेसुद्धा लक्षात होतं. पोरीचा प्रश्न मात्र नेमका काय होता, हे त्यांना सांगता आलं नसतं. खाडीच्या पाण्याचं काहीतरी होतं.

बाई काही दुष्ट नव्हत्या. बत्तीस वर्षांत त्या एकदाही उशिरा आल्या नव्हत्या. दोन दिवस पोर दिसलं नाही तर छत्री घेऊन त्याच्या घरी जाणाऱ्या सगळ्या शाळेत त्या एकट्याच. अर्धं बाळकुम त्यांच्या हाताखालून बे एके बे म्हणत गेलं होतं. येत्या एकतीस तारखेला त्या निवृत्त होणार होत्या, आणि निरोप समारंभात साहेब तोच किस्सा रंगवून सांगणार, याची त्यांना खात्री होती. ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. साहेबांचा तर काही दाखला त्यांच्या हातात नव्हता. पोरीचा होता.

"येऊ काय, बाई?"

दारात शालन उभी होती. ऋतिकाची आई. बचत गटातर्फे ती शाळेत खिचडी वाढायला यायची, त्याला सहा वर्षं झाली होती. आज निकालाचा दिवस, खिचडी नव्हती, म्हणून नेहमीचा एप्रनही नव्हता. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

"ऋतिकाचा दाखला ना? बस बाहेर. सह्या करून देते," बाई म्हणाल्या.

"तिचा तर हवाच आहे. पण मला माझा पण हवाय."

"तुझा कसला?"

"माझा दाखला, बाई. मी सातवी इथनंच पास झालेली. घराचे पत्रे बदलले तेव्हा पेटीतले कागद गेले सगळे. दुसरी प्रत हवी." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "दहावीला बसतेय. तो सतरा नंबरचा फॉर्म असतो ना, बाहेरून बसायचा, तो भरतेय."

"आता?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "या वयात?"

"का, बंदी हाय काय?" शालन हसली. "ऋतिका माझ्या मागंच लागलीय. मम्मी तू बस, मी शिकवीन. रोज एक धडा घेते माझा. मारते पण पट्टी."

बाईंनी कागद तपासले. हरवल्याबद्दल पोलीस ठाण्याचं पत्र होतं, प्रतिज्ञापत्र होतं, अर्ज सुवाच्य अक्षरात होता. कागद जागच्या जागी असले की बाईंना माणूस बरा वाटायचा. त्यांनी मारुतीला हाक मारली.

"जुनं रजिस्टर काढ रे. कुठलं साल गं?"

"सत्त्याण्णव."

"माहेरचं नाव?"

"शालन आनंदा पाटील."

मारुतीने कपाटावर चढून रजिस्टर काढलं, दारात नेऊन झटकलं आणि आणून ठेवलं. बाई मनात वर्षं मोजत होत्या. त्या त्र्याण्णवला लागल्या. म्हणजे सत्त्याण्णवला सातवीचा वर्ग त्यांच्याचकडे होता.

"माझ्या वर्गात होतीस तू?"

"हो ना. दुसऱ्या रांगेत, खिडकीकडं."

"सहा वर्षं शाळेत येतेस. कधी बोलली नाहीस ते."

"तुम्ही कधी विचारलं नाय," शालन म्हणाली. यात टोमणा नव्हता. तिच्या लेखी ते साधंच कारण होतं.

बाईंनी पान काढलं आणि ओळीवर पट्टी धरली. पाटील शालन आनंदा. आईचं नाव, जात. जन्मतारीख एक जून, अर्ध्या गावाची असते तशी. शाळा सोडल्याचं कारण, सातवी उत्तीर्ण. प्रगती बरी. पट्टी सरकत वर्तणुकीच्या रकान्यावर आली आणि तिथे थांबली.

'समाधानकारक.' आणि त्यापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, बारीक, नेटक्या अक्षरात : 'वर्गात अनावश्यक प्रश्न विचारते.'

अक्षर बाईंचंच होतं. तेव्हा ते आतापेक्षा देखणं होतं.

त्यांनी पानावरच्या बाकीच्या नोंदी पाहिल्या. मग मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. सगळीकडे 'चांगली', आणि शेऱ्याचे रकाने रिकामे. मारुती म्हणाला, "पंखा वाढवू काय, बाई?" बाईंनी मान हलवली, ती हो की नाही हे त्याला कळलं नाही. तो तसाच उभा राहिला.

दुसरी प्रत मूळ नोंदीबरहुकूम द्यायची असते. एका अक्षराचा फरक पडला तर बोर्ड कागद परत पाठवतं. हे बाईंनीच दर वर्षी नव्या शिक्षकांना बजावलेलं. त्यांनी कोरा नमुना घेतला आणि लिहायला सुरुवात केली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. वर्तणुकीशी आल्यावर पेन जरा वेळ अधांतरी राहिलं. मग त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा लिहून काढलं, खाली सही केली आणि वर लाल शाईचा 'दुसरी प्रत' असा शिक्का मारला.

शालनने दाखला दोन्ही हातांत धरला. ती उभ्या उभ्याच वाचायला लागली, ओठ हलवत, शब्दाखाली बोट धरून. हल्ली रोज धडे वाचायची सवय लागलेली. बाईंना वाटलं, घडी करून ठेवेल. पण ती शेवटपर्यंत वाचत गेली आणि शेवटच्या ओळीशी थांबली.

"हे तेव्हा पण असंच लिवलेलं?"

"मूळ नोंदीप्रमाणेच द्यावं लागतं," बाई म्हणाल्या.

"हां. मी कधी वाचलाच नव्हता ना. बाबाच घेऊन गेलेले हायस्कुलात. संध्याकाळी आले नि बोलले, जागा भरल्या. मग दुसऱ्या दिवसापासून मी आयेबरोबर मच्छी घेऊन बाजारात बसायला लागले." ती हे सांगत होती ते काल बस चुकल्याचं सांगावं तसं. मग तिने पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, मी काय विचारलेलं?"

"अं?"

"प्रश्न. अनावश्यक लिवलंय ना. कुठला विचारलेला मी?"

ती जाब विचारत नव्हती. जाब विचारला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी रागावून तिला बाहेर काढलं असतं. पण शालनला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कुणीतरी आपला लहानपणीचा फोटो दाखवावा आणि आपण वाकून बघावं, तसा तिचा चेहरा झालेला.

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दुसरी रांग, खिडकी. वेण्या असतील. हात वर केलेला असेल. त्या हाताला 'खाली घे' म्हटलं असेल. असे किती हात.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

"मला पण नाय." शालन जराशी हसली. "बघा ना. काहीतरी असेलच की. आता गेला तो."

बाईंना लाज वाटली. आपल्या हातून नियमबाह्य काहीच घडलं नव्हतं, कागद चोख होते, आणि तरी मान वर होईना इतकी लाज वाटली. दारात मारुती छताकडे बघत उभा होता.

शालनने दाखला पिशवीत ठेवला आणि टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सगळ्यात वरचा ऋतिकाचाच होता.

"तिचा झाला काय?"

बाईंनी दाखल्यावर पंजा ठेवला. "नाही. यात एक चूक झालीय. नवीन करून देते."

"बाई, कोरे फॉर्म दोनच उरलेत. आणि नंबर टाकलेले आहेत," मारुती म्हणाला. "रद्द केला तर वहीत कारण लिहावं लागेल."

"माहीत आहे मला."

त्यांनी लिहिलेल्या दाखल्यावर आडवी रेघ मारली आणि रद्द फॉर्मची वही ओढली. त्या वहीत आजवर दोनच कारणं असत, 'शाई सांडली' किंवा 'लेखनिकाची चूक'. बाईंनी लिहिलं, 'मुख्याध्यापिकेची चूक'. मारुतीने ते उलट्या बाजूने वाचलं. तो खाली जाऊन चहा सांगून आला.

नव्या दाखल्यावर वर्तणूक 'चांगली' झाली. शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला. सही झाली, शिक्का बसला. एवढ्याला चार मिनिटंही लागली नाहीत.

"ऋतिका कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"खाली, नळाशी बसलीय. वर चल म्हटलं तर नको बोलली. घाबरते तुम्हाला."

"पाठव तिला."

ऋतिका आली ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, हात मागे बांधून. मागे तिची आई. बाईंनी तिला आत बोलावलं आणि दाखला तिच्या हातात दिला.

"वाच आणि सगळं बरोबर आहे का बघ."

पोरीची नजर वरून खाली भरभर धावली आणि एका जागी स्थिर झाली. तिने सोडलेला श्वास बाईंना टेबलापलीकडून ऐकू आला. म्हणजे तिलाही त्या रकान्याचं महत्त्व कुणीतरी सांगितलेलं होतं.

"थँक्यू, बाई," म्हणून ती वळली.

"थांब जरा. त्या दिवशी साहेब आले होते, तेव्हा तू काय विचारलंस?"

ऋतिकाचा चेहरा उतरला. "सॉरी बाई. चुकून विचारलं."

"सॉरी कशाला? मला तो प्रश्न नीट ऐकायचाय."

"काही नाय, बाई. मला आता काही शंका नाय."

हे तिने एका दमात, स्वच्छ आवाजात म्हटलं. तास संपताना सगळा वर्ग एका सुरात हेच म्हणायचा. बत्तीस वर्षं बाई ते ऐकत आल्या होत्या, आणि आपण चांगलं शिकवतो याची ती त्यांना पावती वाटायची. आज एकट्या पोरीच्या तोंडून ते ऐकताना ती पावती वाटली नाही.

"अगं सांग ना," मागून शालन म्हणाली. "घरी तर डोकं खातेस माझं. तुझा आजा पण वैतागला."

"मम्मी, जाऊ दे ना. मिळाला ना दाखला. चल."

"शालन, तू खाली थांबतेस का जरा?" बाई म्हणाल्या. शालन दोघींकडे बघून जिना उतरून गेली. मारुतीही तिच्या मागोमाग गेला.

बाई उठल्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी भिंतीशी एक गादीची खुर्ची होती, ती त्यांनी स्वतः ओढत आणली आणि आपल्या खुर्चीसमोर ठेवली.

"बस."

ऋतिका अगदी कडेला टेकली. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले. बाईंनी रजिस्टरं एकावर एक रचून बाजूला सारली. मधलं टेबल मोकळं झालं.

"दाखला तुझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "त्यावर सही झालीय, शिक्का झालाय. आता मलाही तो बदलता येत नाही. कळलं?"

"हो, बाई."

"मग आता विचार. मला उत्तर येईलच असं नाही. बहुतेक येणार नाहीच. तरी विचार."

ऋतिकाने दाखल्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. 'दाखल्याला घडी घालू नये' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. खाली कुणीतरी बाकं ओढत होतं. मारुतीने सांगितलेला चहा आला. बाईंनी कप तसाच झाकून ठेवला. घड्याळाकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांना फार जड जात होतं.

शेवटी ऋतिकाने मान वर केली.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही रागावणार नाय ना?"

बत्तीस वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.